भूतकाळाचे कप्पे

पुढील दोन वाक्ये वाचा.

'शकुंतला सकाळी सात वाजता निघाली.'

'शकुंतला सकाळी सात वाजता निघत असे.'

शकुंतला हे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या जुन्या नॅरो गेज आगगाडीचे लाडके नाव. (गाडीची वेळ येथे केवळ उदाहरणापुरती घेतली आहे.) दोन्ही वाक्ये भूतकाळातीलच आहेत. पण पहिले वाक्य ऐकताच आपल्या मनात एक विशिष्ट दिवस उभा राहतो. त्या दिवशी गाडी सुटली आणि गोष्ट संपली. दुसऱ्या वाक्याने असा एखादा दिवस डोळ्यांसमोर येत नाही. येतो तो रोजचा परिपाठ. व्याकरणाच्या पुस्तकात पहिल्याला साधा भूतकाळ आणि दुसऱ्याला रीति भूतकाळ म्हणतात. 'गाडी निघत होती, इतक्यात मामा धावत आले' ह्या वाक्यातला 'निघत होती' हा आणखी निराळा, अपूर्ण भूतकाळ. वऱ्हाडी बोलणारा तेथे 'गाडी निघून रायली होती' असे म्हणेल.

आता पहिली दोन वाक्ये इंग्रजीत सांगून पाहा. काल गाडी सातला सुटली असेल तर 'द ट्रेन लेफ्ट ॲट सेव्हन'. रोज सातला सुटत असेल तरीही 'द ट्रेन लेफ्ट ॲट सेव्हन एव्हरी डे' असे म्हणता येते. क्रियापद तेच, 'लेफ्ट'. 'यूज्ड टू लीव्ह' असे म्हणण्याची सोय इंग्रजीत आहे, सक्ती नाही. स्पेन, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतील बहुतेक देशांत बोलल्या जाणाऱ्या स्पॅनिश भाषेत मात्र सक्ती आहे. एके दिवशी सुटली तर 'एल त्रेन साल्यो', रोज सुटत असे तर 'एल त्रेन सालीआ'. म्हणजे ह्या बाबतीत स्पॅनिश ही इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची!

होऊन गेलेला काळ सगळ्या माणसांचा सारखाच. पण प्रत्येक भाषेने त्याचे कप्पे आपल्या पद्धतीने पाडले आहेत. पाणिनीच्या व्याकरणात संस्कृतचे तीन भूतकाळ सांगितले आहेत. आजच्या आधी घडलेल्या गोष्टीला लङ्, बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या जुन्या गोष्टीला लिट् आणि सर्वसामान्य भूतकाळाला लुङ्. घटना बोलणाऱ्याने पाहिली होती की नाही, हासुद्धा भाषेचा एक कप्पा होऊ शकतो, हे लक्षात घ्या.

नवी भाषा शिकणाऱ्याच्या मनात आपल्या भाषेचे कप्पे आधीपासून पक्के बसलेले असतात. त्यांत नव्या भाषेचे सामान भरताना काय होते, ह्याचा शास्त्रीय अभ्यास गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ झाला आहे. त्यातला बराचसा अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्या आणि स्पॅनिश शिकणाऱ्या माणसांवर झाला. परंतु त्यातून निघालेल्या गोष्टी आपल्या शाळांतल्या वर्गांनाही लागू पडतात. म्हणून आधी आपल्याच वर्गात डोकावू आणि मग तिकडे जाऊ.

'मी भाकरी खाल्लो'

यवतमाळ जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू, उर्दू आणि हिंदी ह्या भाषा घरोघर बोलल्या जातात. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी ह्या तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या आहेत. अशा वस्तीला पोड म्हणतात. २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे लोक भारतात सुमारे १ लाख २८ हजार होते. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो ह्यांनी १९३० च्या दशकात वर्ध्याच्या बाजूची कोलामी प्रत्यक्ष ऐकून टिपून घेतली आणि १९५५ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोलामी, गोंडी आणि तेलुगू ह्या तिन्ही भाषा द्राविड कुळातल्या, तर मराठी आर्य कुळातली.

पोडावरचे मूल शाळेत येते आणि मराठीत बोलू लागते. 'मी जातो', 'मी खातो' हे त्याला लवकर जमते. 'मी गेलो'ही जमते. मग एक दिवस ते म्हणते, 'मी भाकरी खाल्लो.' वर्ग हसतो.

असे का व्हावे? मराठीत 'मी आंबा खाल्ला', 'मी भाकरी खाल्ली', 'मी केळे खाल्ले' असे आपण म्हणतो. खाणारा एकच आहे, पण क्रियापद दर वेळी बदलते. ते खाणाऱ्याच्या मागे न जाता खाल्लेल्या वस्तूच्या मागे जाते. हा कर्मणी प्रयोग. त्याचे मूळ संस्कृतात आहे. संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांना क. भू. धा. वि. आठवत असेल. 'मया आम्रः खादितः', म्हणजे 'माझ्याकडून आंबा खाल्ला गेला'. येथे 'खादितः' हे आंब्याचे विशेषण आहे, म्हणून ते आंब्याच्या लिंगाप्रमाणे चालते. उलट 'रामः गतः' मध्ये कर्मच नाही, म्हणून 'गतः' रामाप्रमाणे चालते. मराठीचा भूतकाळ अशा विशेषणांतूनच घडला. त्यामुळे 'राम गेला' पण 'रामाने भाकरी खाल्ली' अशी दोन तऱ्हांची वाक्ये आपल्याकडे आली.

द्राविड भाषांचा इतिहास निराळा. तेलुगूत 'नेनु पंडु तिन्नानु' म्हणजे मी फळ खाल्ले आणि 'नेनु रोट्टे तिन्नानु' म्हणजे मी भाकरी खाल्ली. फळ असो की भाकरी, 'तिन्नानु' बदलत नाही. त्याच्या शेवटचा 'नु' हा 'मी'चा आहे. कोलामी आणि गोंडीतही क्रियापद करणाऱ्याच्याच मागे जाते. लिंगाचीही तीच गत. तेलुगूत 'तो खाल्ला' ह्या अर्थी 'तिन्नाडु', आणि 'ती' किंवा 'ते' खाणारे असेल तर दोघांनाही 'तिन्नदि'. कोलामीतही एकवचनात पुरुषांचा एक गट आणि स्त्रिया, जनावरे व वस्तू ह्या सर्वांचा मिळून दुसरा गट आहे. भाकरी स्त्रीलिंगी आणि आंबा पुल्लिंगी हा भेद अशा मुलाला घरून मिळालेला नसतो.

त्यात मराठीही शिकणाऱ्याची थोडी फसवणूक करते. 'रामाने', 'तिने' मध्ये निदान 'ने' ऐकू येतो आणि वाक्याची तऱ्हा बदलल्याची सूचना मिळते. पण 'मी' आणि 'तू' ही रूपे 'मी खातो' आणि 'मी खाल्ली' ह्या दोन्ही वाक्यांत तशीच राहतात. शिवाय 'मी धडा शिकलो', 'मी तुझे नाव विसरलो', 'मी पाणी प्यालो' ही वाक्ये प्रमाण मराठीत शुद्ध आहेत. धडा, नाव आणि पाणी ही कर्मे समोर असूनही तेथे क्रियापद करणाऱ्याच्या मागे गेले आहे! 'धडा शिकलो' बरोबर असेल तर 'भाकरी खाल्लो' चूक का, असे त्या मुलाने विचारले तर नियम सांगता सांगता मोठ्यांचीही तारांबळ उडेल.

कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेलगतच्या काही भागांत मराठी घरांतूनही 'मी काम केलो' अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. शेकडो वर्षे दोन कुळांच्या भाषा शेजारी नांदल्या, त्याची ही खूण आहे. पोडावरच्या मुलाच्या तोंडी आज जे येते, ते ह्या प्रदेशात फार पूर्वीपासून घडत आले आहे.

इंग्रजी बोलणारी प्रौढ माणसे मराठी शिकू लागली की त्यांच्यापुढेही हाच डोंगर उभा राहतो. इंग्रजीत 'आय एट' म्हणताना काय खाल्ले ह्याच्याशी क्रियापदाला कर्तव्य नसते. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन ह्यांनी जाई निंबकर ह्यांच्याबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके लिहिली. १९७५ मध्ये ह्या दोघींचे मराठीचे एक संदर्भ-व्याकरणही प्रसिद्ध झाले. जन्मापासून मराठी बोलणाऱ्याला अशा पुस्तकाची गरज वाटत नाही, कारण तो नियम न कळता पाळतो.

इंग्रजीच्या तासाला

आता पारडे फिरवू. ज्या मराठी मुलांना 'भाकरी खाल्लो' ऐकून हसू आले, त्यांनी पुढच्याच तासाला इंग्रजीच्या वहीत काय लिहिले ते पाहा.

'आय डिड नॉट वेंट टू स्कूल.'

'आय हॅव सीन हिम यस्टर्डे.'

'ही कटेड द ट्री.'

तीनही वाक्यांवर लाल शाईची रेघ ओढली जाते. पण ह्या तीन चुका एका जातीच्या नाहीत. पहिल्या वाक्यात मुलाने भूतकाळाची खूण दोनदा केली, एकदा 'डिड'मध्ये आणि एकदा 'वेंट'मध्ये. मराठीत 'मी गेलो नाही' म्हणताना नकार आला तरी भूतकाळ 'गेलो'मध्येच राहतो. इंग्रजीत तो 'डिड'कडे सोपवून मूळ क्रियापद मोकळे करावे लागते. दुसऱ्या वाक्याच्या मागे 'मी त्याला काल पाहिले आहे' हे अगदी शुद्ध मराठी वाक्य उभे आहे. इंग्रजीत 'हॅव सीन' आणि 'यस्टर्डे' एकत्र नांदत नाहीत.

तिसरे वाक्य सर्वांत मौजेचे. 'कटेड' हा शब्द त्या मुलाने कोठेही वाचलेला नाही, शिक्षकांनी सांगितलेला नाही आणि मराठीतूनही तो आलेला नाही. मग आला कोठून? 'वॉन्टेड', 'प्लांटेड' असे शब्द ऐकून मुलाने स्वतःच नियम काढला आणि तो 'कट'ला लावला. लंडन किंवा न्यूयॉर्कमधली तीन-चार वर्षांची मुलेही 'गोड', 'कटेड' असे म्हणत म्हणतच इंग्रजी शिकतात.

मुले शब्द नुसते पाठ करतात की नियम काढतात, हे तपासण्यासाठी १९५८ मध्ये अमेरिकेत जीन बर्को ह्यांनी एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी काही क्रियापदे चक्क बनवली. एक चित्र दाखवून त्या लहान मुलांना सांगत, की ह्या माणसाला 'रिक' करता येते. कालही त्याने तेच केले. तर काल त्याने काय केले? 'रिक' असे क्रियापद इंग्रजीत नाहीच, तेव्हा पाठांतराचा प्रश्न नव्हता. तरी चार ते सात वर्षांच्या बहुतेक मुलांनी 'रिक्ट' असे अचूक उत्तर दिले. नियम त्यांच्या मनात तयार होता.

स्पॅनिशचा वर्ग

अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांत परकी भाषा म्हणून सर्वांत जास्त शिकली जाते ती स्पॅनिश. त्यामुळे तेथील संशोधकांना विद्यार्थ्यांची वाण पडली नाही. त्यांना एक गोष्ट वारंवार दिसली. 'साल्यो' आणि 'सालीआ' ह्या दोन्ही जातींच्या रूपांचे तक्ते विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत बरोबर लिहितातही. पण गोष्ट सांगायला उभे केले की कोणत्या ठिकाणी कोणते रूप वापरायचे ह्यात ते वर्षानुवर्षे चुकत राहतात. रूपे ठाऊक असतात, पण कप्पे बसलेले नसतात.

एक उदाहरण पाहा. स्पॅनिशमध्ये 'जाणणे' ह्या अर्थाचे एक क्रियापद आहे. त्याचे 'साबीआ' हे रूप वापरले तर अर्थ होतो 'मला माहीत होते'. 'सुपे' हे रूप वापरले तर 'मला कळले'. माहीत असणे ही बराच वेळ टिकलेली स्थिती, तर कळणे हा एक क्षण. मराठीत त्यासाठी आपण दोन निराळे शब्द वापरतो. स्पॅनिशमध्ये शब्द एकच आणि भूतकाळाचा कप्पा बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजी विद्यार्थी मात्र 'आय न्यू' एवढेच मनात धरून बसतो आणि दोहोंपैकी कोणते घ्यावे ह्या विचारात अडकतो.

घटना कधी घडली हे सांगणे म्हणजे काळ. ती घटना पुरी झालेली म्हणून बाहेरून पाहायची, की चालू असलेली म्हणून आतून पाहायची, ह्याला भाषाशास्त्रात क्रियाव्याप्ती म्हणतात. इंग्रजी विद्यार्थ्याला काळ कळत असतो. अडचण येते ती क्रियाव्याप्तीची.

क्रियांच्या चार जाती

ह्या कोड्याची एक किल्ली १९५७ मध्ये झेनो व्हेंडलर ह्या तत्त्वज्ञाच्या निबंधातून मिळाली. त्यांनी क्रियापदांच्या चार जाती केल्या. आपण त्या आपल्याकडच्या उदाहरणांनी समजून घेऊ.

पहिली जात स्थितीची. माहीत असणे, आवडणे, उंच असणे. येथे काही घडत नाही, नुसते असते.

दुसरी जात चालणाऱ्या क्रियेची. धावणे, हसणे, कापूस वेचणे. ही क्रिया चालू राहते, पण ती अमुक ठिकाणी संपलीच पाहिजे असे नाही.

तिसरी जात शेवट ठरलेल्या क्रियेची. विहीर खोदणे, पत्र लिहिणे, वीस किलो कापूस वेचणे. वीस किलो भरले की क्रिया संपली.

चौथी जात क्षणात घडणाऱ्या क्रियेची. पोहोचणे, फुटणे, सापडणे.

दुसरी आणि तिसरी जात ओळखण्याची खूण सोपी आहे. 'तिने दिवसभर कापूस वेचला' हे वाक्य कानाला ठीक लागते. 'तिने एका दिवसात वीस किलो कापूस वेचला' हेही ठीक. पण 'ती एका दिवसात हसली' हे कसेसेच वाटते. जेथे 'दिवसभर', 'तासभर' शोभते ती दुसरी जात आणि जेथे 'एका दिवसात', 'तासाभरात' शोभते ती तिसरी. कापूस वेचणे हे क्रियापद एकच असूनही 'वीस किलो' ह्या दोन शब्दांनी त्याची जात बदलली, हेही ध्यानात ठेवा.

शिकण्याचा क्रम

लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातले रॉजर अँडरसन ह्यांनी प्वेर्तो रिको बेटावर राहणाऱ्या, घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे स्पॅनिश काळजीपूर्वक तपासले. १९८६ आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यांनी एक क्रम मांडला. आरंभी मुले भूतकाळाची खूण करतच नाहीत. मग 'साल्यो' जातीचा भूतकाळ आधी येतो, तो फुटणे, पोहोचणे अशा क्षणात संपणाऱ्या क्रियांवर. 'सालीआ' जातीचा भूतकाळ नंतर येतो आणि तो प्रथम असणे, माहीत असणे अशा स्थितींवर बसतो. त्यानंतर दोन्ही रूपे हळूहळू मधल्या जातींकडे पसरतात. पोहोचण्याच्या क्रियेला 'सालीआ'चे रूप लावणे, म्हणजे 'तो रोज उशिरा पोहोचत असे' असे म्हणणे, अगदी शेवटी जमते.

ह्यात एक तर्क दिसतो. जी क्रिया स्वभावतःच क्षणात संपणारी आहे तिला संपलेपणाचे रूप सहज चिकटते. जी स्वभावतःच टिकणारी आहे तिला टिकण्याचे रूप चिकटते. शिकणारा आधी सारख्याला सारखे जोडतो.

पण ही बेटावर वाढणारी मुले होती. वर्गात बसून शिकणाऱ्या प्रौढांचे काय? राफाएल सालाबेरी ह्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९९ मध्ये निराळा विचार मांडला. त्यांच्या मते अगदी सुरुवातीचा विद्यार्थी क्रियेची जात पाहतच नाही. तो 'साल्यो' जातीचे रूप सरसकट सगळीकडे लावतो. कारण उघड आहे. इंग्रजीत भूतकाळाचा मुख्य कप्पा एकच, तेव्हा नव्या भाषेतलाही एकच कप्पा उघडून तो काम भागवतो. क्रियांच्या जातींचा परिणाम पुढे, अनुभव वाढल्यावर दिसू लागतो. ह्या दोन मतांचा मेळ कसा घालावा ह्यावर अभ्यासकांत चर्चा चालू आहे. पण शिकणे पायऱ्यापायऱ्यांनी होते आणि प्रत्येक पायरीवरच्या चुकांना काही रीत असते, ह्यावर मात्र एकमत आहे.

कान कोठे असतो?

'काल' हा शब्द मराठीत एकाच अर्थाचा. हिंदीत 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. म्हणून 'कल आया' की 'कल आएगा' हे क्रियापदाचा शेवट ऐकूनच ठरवावे लागते. मराठी किंवा इंग्रजी ऐकताना तशी गरज सहसा पडत नाही. 'काल' किंवा 'यस्टर्डे' कानावर पडले की काळ कळतो आणि क्रियापदाच्या शेवटाकडे लक्ष देण्याचे कारणच उरत नाही. अमेरिकेतले बिल व्हॅनपॅटन ह्यांनी हीच गोष्ट पुढे मांडली. नवी भाषा ऐकणाऱ्याचे मन अर्थ लावण्यात गुंतलेले असते. सोपा शब्द हाती लागला की ते शेपटाकडे पाहत नाही. मग ते शेपूट शिकले जाणार कसे?

तेरेसा कादिएर्नो ह्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्याच प्रश्नावर आहे. स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे त्यांनी गट केले. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने भूतकाळाचे नियम सांगून वाक्ये तयार करण्याचा सराव दिला. दुसऱ्या गटाला वाक्ये बनवायला लावलीच नाहीत. त्यांना 'काल', 'गेल्या वर्षी' असे शब्द काढून टाकलेली वाक्ये ऐकवली किंवा वाचायला दिली आणि घटना आताची की होऊन गेलेली, हे केवळ क्रियापदावरून ओळखायला सांगितले. तिसऱ्या गटाला ह्या विषयाचे काहीच शिकवले नाही. नंतर सर्वांची परीक्षा घेतली. नियम व सराव झालेला गट वाक्ये बनवण्यात सुधारला, पण ऐकून ओळखण्यात नाही. ओळखण्याचा सराव झालेला गट ओळखण्यात तर सुधारलाच, पण ज्याचा सराव त्याने कधी केला नव्हता ते वाक्ये बनवण्याचे कामही त्याला जमू लागले.

असे प्रयोग नंतर अनेकांनी केले. ह्या पद्धतीचा फायदा किती मोठा, ह्याबद्दल मतभेद झाले. तरीही बोलायला लावण्याआधी कान शेवटाकडे वळवावा, ही सूचना कोणत्याही वर्गात वापरून पाहता येण्याजोगी आहे. तिला ना यंत्र लागते ना पैसा.

चूक हा पुरावा

एडिंबरो येथील पिट कॉर्डर ह्यांनी १९६७ मध्ये एक निबंध लिहून शिक्षकांचे लक्ष चुकांकडे वेधले. विद्यार्थ्याची चूक ही त्याच्या मनात ह्या घडीला कोणता नियम आहे, ह्याचा पुरावा असते, असे त्यांचे म्हणणे होते. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर ह्यांनी त्यापुढे जाऊन सांगितले, की शिकणारा मातृभाषा सोडून नव्या भाषेकडे जाताना मध्ये एक स्वतःची भाषा तयार करतो. ती मधली भाषा दोन्हीकडून घेते आणि काही स्वतःचेही घडवते. 'कटेड' हा त्या मधल्या भाषेचा शब्द.

ह्या दृष्टीने 'मी भाकरी खाल्लो' पुन्हा पाहा. त्या मुलाला भूतकाळाचा 'ल' सापडला आहे. तो 'खा'ला कसा जोडायचा हेही कळले आहे. बोलणारा मुलगा आहे, हे 'मी'बरोबरच्या 'लो'वरून बरोबर दाखवले आहे. एवढ्या गोष्टी साधल्या. क्रियापदाने कोणाच्या मागे जायचे एवढेच राहिले. वर्गाने हसून घेतले तर त्या मुलापुढे एक सोपा उपाय उरतो, तो म्हणजे गप्प बसणे. गप्प बसणाऱ्याची चूक कोणाला ऐकू येत नाही आणि ती सुधारतही नाही. पुढे इतिहासात, गणितात त्याला उत्तर माहीत असले तरी ते मराठीत बोलून दाखवायचे असते. भाकरीच्या वाक्यावरून सुरू झालेली ही गोष्ट अशी सगळ्या विषयांपर्यंत जाते.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे संविधानाच्या ३५० अ ह्या कलमात १९५६ पासून म्हटलेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरण्याची शिफारस केली आहे. तशी सोय जेथे झालेली नाही, तेथेही वर्गातल्या मुलांच्या घरी कोणती भाषा आहे आणि तिच्यात भूतकाळाचे कप्पे कसे आहेत, हे शिक्षकांना आणि वर्गमित्रांना ठाऊक असले तर पुष्कळ काम हलके होते.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग जीन बर्को ह्यांच्या धर्तीचा आहे. 'टिमणे' हे क्रियापद आपण बनवू. तिसरी-चौथीतल्या मुलांना सांगा : 'बंडू लाडू टिमतो. कालही त्याने तेच केले. काल बंडूने तीन लाडू...' आणि वाक्य पुरे करायला लावा. 'टिमले' असे उत्तर आले तर क्रियापद लाडवांच्या मागे गेले. मग लाडवांच्या जागी 'एक पोळी' घाला आणि 'टिमली' येते का पाहा. उत्तर देणाऱ्याच्या घरची भाषा कोणती, तेही शेजारी लिहा. नाव लिहू नका.

दुसरा प्रयोग कानाचा. इंग्रजीच्या तासाला एकाने वाक्ये म्हणावीत : 'दे ओपन अ शॉप', 'दे ओपन्ड अ शॉप', 'दे प्लांट अ ट्री', 'दे प्लांटेड अ ट्री'. 'यस्टर्डे' कोठेही नको. घटना होऊन गेलेली असेल तर इतरांनी हात वर करावा. आठ दिवस रोज पाच मिनिटे हा खेळ खेळा. आधीच्या आणि नंतरच्या वह्यांतल्या चुका मोजून फरक पडला की नाही ते ठरवा. फरक पडला नाही, तर तेही तसेच नोंदवा.

तिसरे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत मोलाचे आहे. एका मोठ्या कागदावर चार वाक्ये लिहा : मी आंबा खाल्ला. मी भाकरी खाल्ली. मी भाकरी खात होतो. मी रोज भाकरी खात असे. कागदाच्या वरच्या बाजूला वर्गातल्या सगळ्या घरच्या भाषा लिहा. कोलामी, गोंडी, बंजारा, तेलुगू, उर्दू, वऱ्हाडी, ज्या असतील त्या. प्रत्येक रकाना ती भाषा घरी बोलणाऱ्याने भरायचा आणि बाकीच्यांनी त्याला विचारत बसायचे : हे शेपूट कोणाचे? आंब्याच्या जागी भाकरी आली तर बदलते का? आई खात असेल तर काय म्हणता? त्या तासापुरता पोडावरून आलेला विद्यार्थी शिकवणारा होईल आणि 'भाकरी खाल्ली' म्हणणाऱ्यांना कोलामीत चुका करण्याची संधी मिळेल.